बाल्डविन सिटीतलं लिस्टनचं मैदान

"बाबा, तिथं बघायला आहे काय?" ओव्हरलँड पार्कमधून गाडी बाहेर काढेपर्यंत लेकानं तीनदा विचारलं. मी म्हटलं, "एक मैदान."

बाल्डविन सिटी हे कॅन्ससमधलं छोटंसं गाव. ऑक्टोबरात इथल्या मेपलला रंग चढतो आणि त्या पानांच्या नावानं जत्रा भरते. आम्ही ती मुद्दाम चुकवली. पार्किंगसाठी घिरट्या घालायची हौस फिटली आहे.

गावात 1858 साली स्थापन झालेली बेकर युनिव्हर्सिटी आहे. नाव भारदस्त, आवाका आपल्या तालुक्याच्या कॉलेजाएवढा. पण 1890 साली याच बेकरनं कॅन्सस युनिव्हर्सिटीला फुटबॉलमध्ये 22–9 असं हरवलं होतं. फुटबॉल म्हणजे अर्थात इथला, हातात चेंडू घेऊन पळायचा.

मैदानाचं नाव लिस्टन स्टेडियम. एमिल लिस्टन बेकरचेच विद्यार्थी, नंतर तिथलेच कोच. फुटबॉल त्यांच्याकडे, बास्केटबॉलही त्यांच्याकडे, वर क्रीडा विभागाचा कारभार. आपल्या शाळेत पीटीचे सर कबड्डी घेतात, खो-खो घेतात आणि 15 ऑगस्टचं संचलनही बसवतात ना, तसंच. कुंपणाला टेकून मी रिकाम्या मैदानाकडे बघत होतो. इतक्या लहान जागी उभं राहून माणसाला देशपातळीची स्पर्धा सुचावी, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

पण सुचली खरी. हौशी संघांची मोठी बास्केटबॉल स्पर्धा 1935 साली कॅन्सस सिटीतून डेन्व्हरला गेली. कॅन्सस सिटीला स्पर्धा हवी होती आणि छोट्या कॉलेजांना कुणी विचारत नव्हतं. लिस्टननी दोन्ही गरजांची सांगड घातली आणि छोट्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा उभी केली. 1891 साली बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ जवळच लॉरेन्सला राहायचे, तेही या खटपटीत होते. 1937 साली 8 संघ उतरले, पुढच्या वर्षी 32. आज जिचा एवढा गाजावाजा असतो, ती एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बड्या क्रीडा संघटनेची, बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली 1939 साली!

एक गोष्ट मात्र खुपते. लिस्टनच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. 1947 साली इंडियाना स्टेटचे कोच जॉन वुडन यांनी याच कारणानं आमंत्रण नाकारलं. 1948 साली बंदी उठली आणि त्यांच्याच संघातला क्लॅरेन्स वॉकर खेळला. तेव्हा ही स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा कारभार लिस्टन यांच्याकडेच होता. लहान कॉलेजांसाठी दार उघडणाऱ्या माणसाच्या स्पर्धेत हे दुसरं दार अकरा वर्षं बंद राहावं, हे मला पचत नाही. पुढच्याच वर्षी, 1949 साली, लिस्टन वारले.

परतताना आम्ही कॅन्सस सिटीत म्युनिसिपल ऑडिटोरियमसमोर थांबलो. ते 8 संघ इथंच खेळले होते. लेकानं इमारत खालून वर न्याहाळली. "फुटबॉलच्या कोचनं हे केलं?"

"बास्केटबॉलच्यासुद्धा."

"आमच्याकडे तर फुटबॉलमध्येच चार कोच आहेत," म्हणाला, आणि भूक लागल्याची आठवण करून दिली.