दोरी, चिमटे आणि उणे दीड : आठवीच्या वर्गातला माझा अनुभव

मी आठवीला गणित शिकवते, मराठी माध्यमाची शाळा, वर्गात 56 मुलं. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 0.35 आणि 0.4 लिहून विचारलं, मोठी कुठली? निम्म्याहून जास्त हात 0.35 ला वर. का रे, तर "बाई, पस्तीस मोठे ना चारापेक्षा". आणि हीच मुलं दशांशाचे गुणाकार बरोबर करतात, टिंब कुठून कुठे सरकवायचं ते पाठ आहे. मला खरंच वाईट वाटलं, कारण आठवीचं पहिलंच प्रकरण परिमेय व अपरिमेय संख्या, आणि संख्या कुठे बसते हेच कळत नसेल तर ती संख्यारेषेवर दाखवणार कशी.

मग घरून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली आणि वर्गात खिडकीच्या गजापासून समोरच्या गजापर्यंत बांधली (आधी सुतळी बांधलेली, पावसाळी हवेत तिला झोळ आला, त्यामुळे नायलॉनच घ्या). मध्ये शून्य, दोन्हीकडे मीटर मीटरवर खुणा, उणे 3 पासून 3 पर्यंत. जुन्या लग्नपत्रिका कापून कोऱ्या बाजूला संख्या लिहिल्या. रोज तासाची पहिली 10 मिनिटं एकाने यायचं, चिमट्याने कार्ड लावायचं, बाकीच्यांनी पटतंय का ते कारणासकट सांगायचं आणि मी मध्ये बोलायचं नाही. हे न बोलणंच मला सगळ्यात जड गेलं.

मीटरचं अंतर मुद्दाम ठेवलं, कारण मग टेप लावता येतो. 0.35 म्हणजे 35 सेंमी, 0.4 म्हणजे 40 सेंमी, दोन्ही कार्डं लागल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे म्हणजे ते चाळीस आहे!" मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही.

उणे दीडवर मात्र तीन दिवस गेले. पहिल्या मुलाने कार्ड उणे 1 आणि शून्याच्या मध्ये लावलं, दीड म्हणजे एकाच्या पुढे आणि पुढे म्हणजे उजवीकडे, असं त्याच्या डोक्यात. वर्गात दोन तट पडले. शेवटी एक मुलगी उठली, शून्यावर उभी राहिली, डावीकडे एक मीटर चालली, मग अजून अर्धा, आणि तिथे थांबून म्हणाली, "एवढी उधारी झाली, एकापेक्षा जास्त." त्या पहिल्या मुलाने स्वतःच चिमटा काढून तिकडे लावला.

याच मुलीबद्दल अजून एक. ती बाजाराच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसते. 60 रुपये किलोची भेंडी पाऊण किलो किती विचारलं तर पापणी लवायच्या आत 45, पण वहीत 60 चे 3/4 काढा म्हटलं की पान कोरं. म्हणून पाव, निम्मा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्दसुद्धा कार्डांवर लिहिले. पाऊण, 3/4, 0.75 आणि 75% ही चार कार्डं एकाच चिमट्यात अडकवली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. आपल्या आज्या पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी (पाव, निम्मा, दीड, अडीच यांचे पाढे) पाठ म्हणायच्या, ते शब्द आपण गणिताच्या तासातून उगाच बाहेर काढले असं मला फार वाटतं.

सगळंच जमलं असं नाही. 3/5 आणि 4/7 मधलं मोठं कुठलं यात अजूनही बरीच मुलं अडकतात, दोरीवर ती कार्डं जेमतेम 3 सेंमीच्या फरकाने येतात, डोळ्याने कळत नाही, तिथे समच्छेद, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे, करावाच लागतो. पण आता तो कशासाठी करायचा हे तरी विचारतात.

वर्गमूळ 2 आलं तेव्हा जमिनीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस काढला, कर्णाएवढा दोरा कापला आणि दोरीवर शून्यापासून ताणून धरला. टेपवर 141 च्या जरा पुढे. मुलं वाकून वाकून बघत होती, नक्की 141 आहे की 142. चिमटा लावला तर एकजण दोरा घेऊन शून्याकडे परत गेला आणि डावीकडे ताणायला लागला.