टाक्याजवळची गाठ

केसपेपरवर मी लिहिलं होतं, 'इन्सिजनल हर्निया', म्हणजे जुन्या टाक्याच्या कमकुवत जागेतून पोटातला भाग बाहेर येणं. 32 वर्षांची बाई, दोन सिझर झालेली, टाक्याच्या डाव्या टोकाला लिंबाएवढी गाठ. खोकल्यावर ती फुगत नव्हती, दाबून आत जात नव्हती. तरी आत ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, अडकून बसलं असेल, असं मी मनाशी धरून चाललो.

ऑपरेशनला भोक बुजवायची जाळी तयार ठेवली. उघडून पाहतो तर हर्नियाची पिशवी, सॅकच नाही. शीथला, म्हणजे पोटाच्या स्नायूंवरच्या जाड आवरणाला, घट्ट चिकटलेली, पांढुरकी, टणक गाठ. सोडवताना एका जागी कॉटरी, म्हणजे विजेवर कापायचं हत्यार, लागली आणि काळपट, दाट रक्त ओघळलं. पुस्तकात त्याला चॉकलेट म्हणतात, मला काकवी आठवली. भोवतालच्या सेंटिमीटरभर निरोगी भागासकट गाठ काढली, कारण थोडी जरी राहिली तरी ती पुन्हा वाढते. शीथमध्ये मोठं भोक पडलं, तिथे जाळी लागलीच.

रिपोर्ट आला : एंडोमेट्रिओसिस. सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी जखमेत सांडतात, तिथेच रुजतात आणि पाळीच्या हार्मोन्सबरोबर दर महिन्याला सुजतात.

टाके काढायच्या दिवशी विचारलं, "पाळीत जास्त दुखायचं का?"

"दर महिन्याला. चार दिवस परकराची नाडी बांधवायची नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाही, डॉक्टर. आणि हे शेजारीच बसले होते."

तीन वर्षं तिने ते अंगावर काढलं होतं. मला फार लागलं ते. एम.एस.च्या परीक्षेत बेंबीतल्या अशाच गाठीचं नाव, 'व्हिलार्स नोड्यूल', 1886 सालासकट मी घडाघडा सांगितलं होतं. पण समोरच्या बाईला पाळीबद्दल विचारणं हे गायनॅकचं काम, अशी आम्हा सर्जन मंडळींची समजूत. हा आजार मात्र बेंबीत, जांघेत, अपेंडिक्समध्ये, आतड्यावरही सापडतो, आणि त्या बायका आधी आमच्याकडेच येतात.

आता पोटाची कुठलीही तक्रार असो, नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवतो, सिस्टरला आत बोलावतो आणि विचारतो : कुठल्या दिवसांत दुखतं? सिझर झालंय का? मूल राहायला अडचण आली का? गाठ फक्त टाक्यात दिसली तरी ओटीपोटात आणखी काही आहे का, हे पाहायला गायनॅककडे पाठवतो.

केसपेपरवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना छापून घेतलाय. इंटर्नने तो रिकामा ठेवला, तर पेशंटला तपासायच्या आधी भरून घ्यायला लावतो.