चौदा पतंग, सहा चौकोन

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुक्यातलं एक गाव, सकाळचे साडेसात, रात्री पाऊस पडून गेलेला आणि काळ्या मातीचे गोळे बुटाला चिकटून पाय उचलत नव्हते. मी पुण्याहून आलेली, कॉम्प्युटर व्हिजनवर, म्हणजे फोटोतल्या वस्तू कॉम्प्युटरला ओळखायला शिकवण्यावर काम करते, आमच्या टीमचं अ‍ॅप शेतात नीट चालतंय का एवढंच बघायला दोन दिवस आले होते. आधीचे सगळे फोटो मी ऑफिसातल्या स्क्रीनवरच बघितलेले.

अ‍ॅपचं काम असं. कपाशीत कामगंध सापळे लावतात, वर नरसाळं, खाली लांब प्लास्टिकची पिशवी, आणि आत ल्युर म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या वासाची नक्कल. हा वास १९७३ मध्ये ओळखला गेला, दोन जवळजवळ सारख्या रेणूंचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे ते. वासावर नर पतंग येतो आणि पिशवीत पडतो. शेतकऱ्याने सकाळी पिशवीची गाठ सोडायची, पतंग पांढऱ्या कागदावर ओतायचे, फोटो काढायचा, मोजायचं काम फोन करतो. एका सापळ्यात एका रात्रीत ८ पतंग आणि असं सलग ३ रात्री झालं की फवारणीची वेळ आली असं समजतात. ही वेळ हुकली की अवघड होतं, कारण अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते, शिरलेलं भोक बुजून जातं आणि मग बाहेरून कितीही मारा, औषध आत पोचत नाही.

बीटी कापूस, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं तो, आपल्याकडे २००२ मध्ये आला, अशा विषाच्या दोन जनुकांचा २००६ मध्ये, आणि दहा वर्षांच्या आत या अळीने दोन्ही पचवले. २०१७ ला विदर्भात या अळीने कपाशीचं जे केलं ते इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. त्याच पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर गेले. म्हणजे आमचा आकडा कमी आला तर बोंडं जातात आणि जास्त आला तर कोणीतरी पाठीवर पंप घेऊन विनाकारण विषात उभा राहतो, हे मला ऑफिसात बसून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि त्या धुऱ्यावर उभं राहणं वेगळं.

काकांनी (नाव लिहीत नाही, साठीच्या आसपासचे असतील) गाठ सोडली, पतंग कागदावर पडले, मी फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं ६.

काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, काय सांगून रायलं हे? मी तं रोज मोजतो जी." आणि तुरीची एक काडी तोडून ओल्या पतंगांचा गोळा एक-एक करून पसरायला लागले. पतंग करड्या-तपकिरी रंगाचे, लांबीला सेंटीमीटरभरही नाहीत, पावसाने भिजून एकमेकांच्या पंखांना चिकटलेले. पसरून झाले तेव्हा १४ होते. मी दोनदा मोजले, १४च. काकांनी खिशातून नातवाच्या वहीचं पान काढलं, त्यावर आधीच्या दोन दिवसांचे आकडे होते, ११ आणि १३. आमच्या अ‍ॅपमध्ये त्याच दोन दिवसांचे होते ७ आणि ६. म्हणजे तीन रात्री मर्यादा ओलांडून झालेली आणि आम्ही तिन्ही दिवस त्यांना हिरवी खूण, म्हणजे फवारणीची गरज नाही, असं दाखवत होतो.

मी म्हणलं काका, बोंडं बघूया. हीसुद्धा ठरलेली पद्धत आहे, २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, २ मध्ये अळी निघाली तर झालं. आम्ही दोघं आणि काकू तिथेच बसलो, विळ्याने बोंडं फोडत गेलो. बाहेरून एकदम स्वच्छ, हिरवीगार. चौथ्यात निघाली, बारीक, पांढरट, लहानपणी ती गुलाबी नसतेच. मग अकराव्यात, मग सतराव्यात. तीन. काकू काही बोलल्या नाहीत, फोडलेली बोंडं पदरात गोळा करून घेतली, शेतात टाकायची नसतात म्हणून.

मी काकांना सरळ सांगितलं की आमचं चुकलंय, तुमची वही बरोबर आहे, आज कृषी सहायकांना विचारून औषध ठरवा आणि मास्क, हातमोजे घातल्याशिवाय पंप उचलू नका. ते "हो जी" म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी यवतमाळला लॉजवर येऊन लॅपटॉप उघडला. पहिला संशय मॉडेल, म्हणजे अ‍ॅपमधला पतंग ओळखणारा प्रोग्रॅम, छोटं केल्याचा होता, स्वस्त फोनवर चालावं म्हणून आम्ही त्याच्या आतले आकडे ३२ बिटांवरून ८ बिटांवर आणलेले, साईज जवळपास चौथाई होते पण बारीक गोष्टी कधीकधी हुकतात. तोच फोटो मोठ्या मॉडेलला दिला. तिथेही ६. मग संशय कॅमेऱ्यावर, मग ओल्या कागदाच्या चकाकीवर, दोन तास असेच गेले. शेवटी मॉडेलचं कच्चं उत्तर छापून बघितलं, म्हणजे शेवटची गाळणी लागायच्या आधीचं, आणि मी खुर्चीवरून उठलेच. १४ पैकी १३ पतंगांवर चौकोन होते. मॉडेलला ते दिसले होते. आम्हीच पुसले होते.

ही गाळणी म्हणजे नॉन मॅक्झिमम सप्रेशन, आम्ही एनएमएस म्हणतो. मॉडेल एकाच वस्तूवर चार-पाच चौकोन काढतं, त्यातला सगळ्यात खात्रीचा ठेवायचा आणि त्याच्यावर ठराविक प्रमाणापेक्षा जास्त चढलेले बाकीचे खोडायचे. रस्त्यावरच्या गाड्या मोजताना हे छान चालतं. पण दोन पतंग तिरके, शेजारी-शेजारी, पंखाला पंख लावून पडले असतील तर त्यांची शरीरं वेगळी असली तरी त्यांचे आडवे-उभे चौकोन जवळजवळ एकावर एक बसतात. गाळणीला वाटतं ही एकाचीच नक्कल आहे, आणि एक खोडला जातो. कोरड्या, सुट्या पडलेल्या चार-पाच पतंगांत असं होतच नाही. आमचे ट्रेनिंगचे आणि टेस्टचे बहुतेक फोटो तसेच होते, त्यामुळे सरासरी चूक अगदी कमी दिसायची आणि आम्ही मीटिंगमध्ये ती सरासरी दाखवायचो. चूक सगळी गर्दीच्या फोटोंमध्ये साचलेली, म्हणजे नेमकी ८ च्या आसपास आणि वर, जिथे या आकड्यावर कोणाचं तरी वर्षभराचं पीक उभं असतं.

रात्री टीमचा कॉल झाला, लांबला. एकजण म्हणाला गाळणी सैल करू, प्रमाण वाढवू. करून बघितलं तर एकाच पतंगाचे दोन मोजले जायला लागले आणि सुट्या ५ पतंगांच्या फोटोत ९ आले. हे तर मला आणखीच नको होतं. २०१७ मध्येच निघालेली एक सुधारणा आहे, सॉफ्ट-एनएमएस, ती चौकोन खोडत नाही, फक्त त्याची खात्री कमी करते, कोडमध्ये बदल एका ओळीचा, तिने बऱ्यापैकी फरक पडला. घट्ट गोळ्यासाठी मात्र दुसरा रस्ता घ्यावा लागणार होता, चौकोन न काढता फोटोभर घनता, म्हणजे कुठे किती दाट पतंग आहेत ते, काढून तिची बेरीज करायची, २०१० ची ही कल्पना, तेव्हा मायक्रोस्कोपखालच्या पेशी आणि रस्त्यातली माणसं मोजून दाखवलेली. गर्दी कशाचीही असो, अडचण तीच.

पण हे सगळं व्हायला आठवडे लागणार होते आणि बोंडं थांबणार नव्हती. म्हणून त्या रात्री अ‍ॅपमध्ये फक्त दोन गोष्टी टाकल्या. फोटोच्या आधी एक चित्र, काडीने पतंग वेगळे करा, काका करत होते तसं. आणि गाळणीने जास्त चौकोन खोडले असतील तर आकडा दाखवायचाच नाही, पुन्हा फोटो मागायचा. याला टीममध्ये विरोध झाला, लोक कंटाळतील म्हणून. मी अडून बसले, त्या हिरव्या खुणेपेक्षा कंटाळा परवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गेल्या दहा दिवसांत ज्यांच्या फोटोत ५ ते ७ आकडा आला होता त्या सगळ्यांचे कच्चे चौकोन तपासले आणि एकेकाला फोन लावत बसले. काहींचा आकडा बरोबरच होता. काहींनी शेजाऱ्याचं बघून आधीच फवारलं होतं. एका ताईंचा फोन संध्याकाळी लागला, त्यांच्या तीन दिवसांच्या फोटोंत कच्चे आकडे ९, १२ आणि १५ होते. आपल्या अ‍ॅपने ६ सांगितलं म्हणून त्या थांबल्या होत्या, आणि आता डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेली फुलं, दिसायला लागल्यात म्हणाल्या. मी बोंडं कशी तोडायची, किती फोडायची ते सांगितलं, त्यांनी फोन चालू ठेवूनच फोडली. वीसातली सहा.

त्यांचे ते तीन फोटो आता आमच्या टेस्ट सेटमध्ये सगळ्यात वर आहेत. मॉडेलचं कुठलंही नवं व्हर्जन आलं की सरासरी बघायच्या आधी मी हे तीन चालवते. १२ चा फोटो अजूनही कधीकधी ११ येतो.