ओला टॉवेल कोण पिळणार?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते फक्त पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबल शिकवणारे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायाचा तास होता. सरांनी घंगाळ, तांब्या नि टॉवेल वर्गात आणला. येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे सगळ्यांनी एकमेकांचे धुतले, हसून पुरेवाट. घंटा होताच वर्ग दाराकडे पळाला, तर सर दारात उभे! "पाय धुवायला सगळे पुढे होतात. आता हे मळकं पाणी कोण ओतणार? ओला टॉवेल कोण पिळणार?" सरांच्या लेखी सेवा तिथून सुरू होत होती.

आपण सोडलेल्या सुखाचा कुणाला उपयोग झाला, हे ते आधी विचारत. उपास करून घरच्यांवर खेकसणाऱ्याला त्यांच्याकडे शून्य गुण. आजाऱ्याच्या भेटीचे त्यांचे नियम तर पाठच होते. घरच्यांना विचारून जायचं, जेवणाखाणाची वेळ टाळायची, हात धुवायचे. पलंगावर टेकायचं नाही. खुर्ची अशी ठेवायची की त्याला मान वळवावी लागू नये. पंधरा मिनिटांत उठायचं. बायबलमधलं स्तोत्र 23 वाचावं, सहाच वचनं आहेत. 119 उघडू नये, त्यात 176 आहेत. 'प्रार्थना करू का?' असं विचारायचं आणि नको म्हटलं तर नुसतं बसायचं. तिथलं ऐकलेलं 'प्रार्थनेचा विषय' म्हणूनसुद्धा बाहेर न्यायचं नाही. आणि 'पुन्हा येतो' हे दिवस ठरवूनच म्हणायचं. नाहीतर दुखणाईत दाराकडे डोळे लावून बसतो.

काम कुठे फसतं, हेही ते आधीच सांगत. नव्या उत्साहात माणूस पाच कामं अंगावर घेतो, तीन महिन्यांत सगळी टाकतो आणि त्याच्यावर विसंबलेले उघडे पडतात. म्हणून एकच काम, एकच वार, पण वर्षभर. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, हेच सुनावलं होतं: एकट्याने न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. उपासनेच्या मंडपात सेवा करणाऱ्या लेव्यांनाही पन्नाशीनंतर भारी कामातून मोकळीक होती, भावांना हातभार मात्र लावायचा.

पण मग आरामाला निमित्त मिळतंच की! सरांची कसोटी साधी: विसाव्यानंतर माणूस कामाकडे वळतो का? झाडाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा उठवून खाऊपिऊ घातलं, उपदेश एका शब्दाचा केला नाही, आणि तो होरेब या देवाच्या डोंगराच्या वाटेला लागला. फिलिप्पैच्या मंडळीने मदतीला पाठवलेला एपफ्रदीत प्रेषित पौलाच्या सेवेत मरणाच्या दारी पोहोचला. बरा झाल्यावर पौलानेच त्याला फिलिप्पैला धाडलं, त्याचा मान राखा असं लिहून. पौलाचा सोबती देमास याला मात्र जग प्रिय झालं, तो थेस्सलनीकास गेला. परतल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

शास्त्राचा तास आता निम्म्यावर आल्याचं कळलं, वाईट वाटलं. महोत्सवाच्या पत्रिकेत पाय धुण्याचा विधी आहे, बारा खुर्च्या मांडायच्या आहेत, कोण बसणार तेही छापलंय. मोरीवर कोण, ते नाही. तिथे माझं नाव घालावं.