चारशे सीडी आणि रागांची नोंद

गेल्या दिवाळीत मी घरातील शास्त्रीय संगीताच्या सीडी संगणकावर उतरवून घेण्याचे काम हाती घेतले आणि या श्रावणात ते जवळजवळ पुरे झाले. वडिलांनी आणि मी मिळून पंधरा-वीस वर्षांत जमवलेल्या या सुमारे चारशे सीडी पुण्याच्या घरातील लाकडी कपाटात दोन रांगांनी उभ्या होत्या. मागच्या रांगेतली सीडी हवी असेल तर पुढची रांग आधी जमिनीवर उतरवावी लागे, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे त्याच वीस-पंचवीस सीडी ऐकल्या जात. आता हा संग्रह बैठकीच्या खोलीतल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर आणि दोन स्पीकरांवर वाजतो. यंत्रांची जुळणी चार दिवसांत झाली, बाकीचे सगळे महिने नोंदी लिहिण्यात गेले.

याआधी एकदा, दहाएक वर्षांपूर्वी, यांतल्या पन्नास सीडी एका दुकानात देऊन त्यांच्या एमपी३ फाइल करून घेतल्या होत्या. त्या ऐकवेनात. सीडीवर दोन ट्रॅकमधली सीमा ही केवळ एक खूण असते. ख्याल विलंबितातून (संथ लयीतून) द्रुतात (जलद लयीत) जातो तेव्हा ट्रॅकचा क्रमांक बदलतो, पण तंबोरा आणि तबला अखंड चालू असतात. एमपी३मध्ये ध्वनीचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडले जातात आणि फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी निःशब्द भर पडते, ती वाजवताना नीट वगळली नाही तर नेमकी त्या सांध्यावर फट ऐकू येते. विलंबित एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, कधी कधी जवळजवळ मिनिटभराचे असते. गायक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलून समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालेला असताना मध्येच क्षणभर सारे थांबते आणि पुन्हा सुरू होते, तेव्हा त्या मिनिटभराची वाट पाहणे वाया जाते.

म्हणून या खेपेला सगळे स्वतः आणि फ्लॅक या स्वरूपात करायचे ठरवले. सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट अशा मापाने साठवलेला असतो, म्हणजे दोन वाहिन्यांचे मिळून मिनिटाला १० मेगाबाइटपेक्षा थोडे अधिक. फ्लॅक हे आकारमान साधारण निम्म्यावर आणते आणि तरीही वाजवताना मूळचा एकही बिट गमावत नाही. माझ्या चारशे सीडी दीडशे गिगाबाइटच्या आत मावल्या. उतरवून घेण्यासाठी एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरला. साधा सीडी प्लेअर ओरखड्यामुळे न वाचता आलेला भाग आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरून पुढे जातो, तर हा प्रोग्रॅम शंका येताच तो भाग पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी वाचलेल्या साऱ्या आकड्यांची पडताळणीसाठी काढलेली बेरीज इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या बेरजेशी जुळवून पाहण्याची सोय देतो. आमच्याकडच्या कित्येक सीडी त्या सामायिक यादीत नव्हत्याच, त्यामुळे त्या दोनदा वाचून दोन्ही वेळच्या बेरजा जुळतात का, एवढेच पाहता आले.

पावसाळ्याने काही सीडींचे नुकसान केले होते. बहुतेकांवर नुसती बुरशी होती आणि ती ओलसर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसल्यावर निघाली. गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि मग वाचणे अधिकच अवघड होते. नऊ सीडी मात्र गेल्या. त्यांतली एक मी खिडकीशी उजेडात धरली तेव्हा चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे चमकली. आपण खालच्या, वाचल्या जाणाऱ्या बाजूला जपतो, पण ॲल्युमिनियमचा थर असतो वरच्या, छापील बाजूच्या पातळ लाखेखाली, आणि हवा व ओल तिथूनच आत शिरते. ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांनी हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

आता नोंदींविषयी. सीडी संगणकात घातली की इंटरनेटवरील एखाद्या यादीतून अल्बम, कलाकार आणि ट्रॅक यांची नावे आपोआप येतात. ही रचना गाण्यांच्या अल्बमसाठी योग्य आहे. आपल्या संगीताला ती अपुरी पडते. आम्ही रागाचे नाव घेऊन 'शुद्ध कल्याण लाव' असे म्हणतो. तो कोणत्या अल्बमात आहे हे कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय आपोआप आलेल्या नावांत रोमन लिपीतील एकेका रागाची चार-चार स्पेलिंगे, कुठे रागाच्या जागी बंदिशीचे पहिले शब्द, कुठे गायकाच्या जागी तबलजीचे नाव असा गोंधळ होता. फ्लॅक फाइलमध्ये आपल्याला हवी ती नवी नोंद जोडता येते आणि एकाच नावाची नोंद एकाहून अधिक वेळाही लिहिता येते. मी राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबला, संवादिनी, तंबोरा अशा नोंदी देवनागरीत केल्या आणि साथीदारांची नावे सीडीसोबतच्या पुस्तिकांतून एकेक करून उतरवली. ती नावे बहुधा त्या बारीक अक्षरांखेरीज दुसरीकडे कुठेही सापडणार नाहीत. जी नोंद वाजवणारी बहुतेक यंत्रे मुळातच दाखवतात, ती 'जॉनर'ची, म्हणजे संगीतप्रकाराची. तिथे मी रागाचे नाव आणि प्रहर अशा दोन नोंदी लिहिल्या.

याचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. शुद्ध कल्याणवर बोट ठेवले आणि भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल एकापाठोपाठ ऐकले. दोघेही सवाई गंधर्वांचे शिष्य, किराणा घराण्याची तीच तालीम, आणि तरी स्वर लावण्याची रीत ज्याची त्याची. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे कितीतरी वर्षे आमच्याच कपाटात होती, एक पुढच्या रांगेत आणि एक मागच्या.

वाजवण्याची व्यवस्था साधी आहे. फाइली एका हार्ड डिस्कवर आहेत, त्यांची दुसरी प्रत भावाच्या घरी आहे. पूर्वी स्क्वीझबॉक्स या यंत्रांसाठी असलेला आणि आता लिरिअन या नावाने चालणारा सर्व्हर त्या फाइली पुरवतो. रास्पबेरी पायचा छोटा संगणक, त्यावर बसवलेला डॅक (फाइलीतल्या आकड्यांचे ध्वनीच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) आणि तिथून दोन तारा ॲम्प्लिफायरला. पायवर मी पायकोअरप्लेअर ही संगीत वाजवण्यासाठीची छोटी प्रणाली ठेवली, कारण ती सुरू होताना स्वतःला मेमरीत घेते आणि एकाएकी वीज गेली तरी कार्ड खराब होण्याची भीती फारशी राहत नाही. आमच्या भागात ही गोष्ट महत्त्वाची आहे. आवाज कमी-जास्त करणे मी ॲम्प्लिफायरच्या बटनावरच ठेवले आहे, म्हणजे फाइलीतला ध्वनी डॅकपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांची पातळी सारखी करण्याची सोय वापरायची असेल तर ती ट्रॅकनिहाय लावू नये, अल्बमनिहाय लावावी. एरवी हळुवार आलाप आणि चढलेली द्रुत यांचा आवाज एकाच मापाचा होतो आणि मैफलीचा चढच हरवतो.

ध्वनीची पारख मी तंबोऱ्यावर करतो. दुकानातल्या त्या एमपी३मध्ये जवारीचा (घोडीवर घासत कंपणाऱ्या तारेचा) झणत्कार पाण्यातून आल्यासारखा विरघळलेला होता. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, बसण्याची जागा आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण साधला, आणि खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून हळूहळू वर येणारा गंधार खोलीत स्वच्छ ऐकू आला.

शेवटी उरल्या तीसेक सीडी, ज्यांच्या पुस्तिका हरवल्या आहेत किंवा ज्यांवरील छपाईविषयी शंका आहे. त्या मी संध्याकाळी एकेक ऐकतो. मागच्या रविवारी अशीच एक सीडी लावली. वेष्टनावर 'मारवा' छापलेले होते आणि मी तशी नोंदही करून टाकली होती. गाणे शिकलेली ताई घरी आली होती, तिने दहा मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "अरे, हा मारवा नव्हे, पूरिया आहे. स्वर तेच आहेत, पण तो थांबतोय कुठे ते बघ ना. रिषभ-धैवतावर राहतच नाही, सारखा गंधार-निषादाकडे येतोय." मी पुन्हा सुरुवातीपासून लावले. निषादावरून गंधारावर येऊन गायक विसावला तेव्हा मी संगणक उघडला आणि नोंद बदलली.