पहिलं ब्रिस्केट

काल पहाटे ४ ला उठून मागच्या अंगणात स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) पेटवला. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये ७ वर्षं काढली, पण ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा तुकडा) कायम विकतचंच. त्यात मी आणलं नेमकं 'फ्लॅट', म्हणजे कमी चरबीचा तुकडा! मीठ, जाडसर मिरी, पोस्ट ओक झाडाची लाकडं, २२५ फॅरनहाइट. बस्स.

दहाच्या सुमारास मांसाचं तापमान १६० ला जे अडकलं ते ३ तास ढिम्म हलेना. आतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि मांसाला गार ठेवतं, अगदी आपल्या माठासारखं. शेवटी बुचर पेपरात (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) गुंडाळलं, २०३ ला काढलं.

मधला भाग झकास. कडा मात्र सुक्या बोंबलासारख्या. बायको म्हणाली, "रस्सा कर त्याचा." केला. पातेलं चाटूनपुसून साफ.