सुलेखनाचा पोर्टफोलिओ: आडवी पट्टी आणि 360 पिक्सेलचा फोन

माझ्या सुलेखनाच्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ, कामांचं पान आणि एकेका कामाचं स्वतंत्र पान, ही तिन्ही आता 320 पिक्सेलच्या फोनपासून मोठ्या मॉनिटरपर्यंत नीट बसतात. या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ घेतला तो आडव्या पट्ट्यांनी, म्हणजे एका ओळीच्या लांबट कामांनी, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

देवनागरी ओळ शिरोरेषेच्या आधाराने आडवी वाढत जाते. बोरूने लिहिलेली अभंगाची एक ओळ सहज पाचास एक अशा प्रमाणात येते. 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंना 16 पिक्सेलचा समास सोडून ती बसवली, तर उंची उरते जेमतेम 65 पिक्सेल. मग बोरूचा कोन दिसत नाही, शाई संपत आल्यावर कागदावर उमटणारी खरखर तर मुळीच नाही, आणि आपण दाखवायला निघालो असतो ते नेमकं हेच. छायाचित्रांचा पोर्टफोलिओ करणाऱ्यांची चित्रं बहुतेक तीनास दोन किंवा चारास तीनच्या आसपास असतात, त्यामुळे त्यांना हे फारसं भेडसावत नाही.

पिक्चर टॅग (स्क्रीननुसार वेगळं चित्र देणारा एचटीएमएल कोड) वापरून फोनवर फक्त एका अक्षराचा जवळून घेतलेला तुकडा दाखवता येतो. दिसतो सुंदर, पण ओळ वाचता येत नाही. मी दुसरा मार्ग धरला. पट्टीची उंची 13 रेम (1 रेम म्हणजे पानाचा मूळ अक्षर-आकार, एरवी 16 पिक्सेल), म्हणजे 208 पिक्सेल, कायम ठेवली. रुंदी आपोआप 1040 होते आणि पट्टी स्वतःच्याच चौकटीत आडवी सरकते. पान मात्र जागचं हलत नाही. उजवीकडचा समास मुद्दाम काढून टाकला आहे. त्यामुळे स्क्रीनच्या कडेला अक्षर अर्धं कापलेलं दिसतं आणि पुढे अजून काही आहे हे बोटाला कळतं. फोनवर स्क्रोलबार एरवी दिसतच नाही. लॅपटॉपवर 1040 ची जागा असतेच, तिथे सरकणं आपोआप बंद होतं. म्हणजे यासाठी एकही ब्रेकपॉइंट (ठरावीक रुंदीला रचना बदलण्याचा नियम) लिहावा लागला नाही, याचं मला फार समाधान आहे. चौकटीला टॅबइंडेक्स दिला आहे, म्हणजे कीबोर्डवरूनही ती सरकते, आणि ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राच्या पर्यायी मजकुरात, पूर्ण ओळ लिहिली आहे.

वेब डिझायनर एथन मार्कोट यांनी 2010 मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची (स्क्रीननुसार बदलणाऱ्या पानांची) कल्पना मांडली तेव्हा तिचे तीन घटक सांगितले होते: प्रवाही ग्रिड, लवचिक प्रतिमा आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारे नियम). पुढे 320, 768, 1024 हे आकडे आयफोन आणि आयपॅडवरून रूढ झाले. आज फोन इतक्या रुंदींचे आहेत की यंत्राचा आकडा धरून आराखडा आखण्यात मला अर्थ वाटत नाही. काम जिथे अडखळतं, तिथेच रचना बदलावी.

कामांच्या पानावर म्हणूनच सीएसएस (पानाची मांडणी सांगणारी भाषा) ग्रिडचं ऑटो-फिल आणि मिनमॅक्स वापरलं, म्हणजे जागेनुसार कॉलम आपोआप पडतात. चौकटीची किमान रुंदी 18 रेम. फोनवर एक कॉलम पडतो, 768 च्या टॅबलेटवर दोन, 1366 च्या लॅपटॉपवर चार. पानाची कमाल रुंदी 90 रेमला रोखली आहे, नाहीतर मोठ्या मॉनिटरवर कामं विखुरतात. एक बारकावा: किमान रुंदी नुसती 18 रेम लिहू नका, 18 रेम आणि 100 टक्के यांतलं जे कमी असेल ते घ्या. घडीच्या फोनची बाहेरची अरुंद स्क्रीन 280 पिक्सेलपर्यंत येते, तिथे नाहीतर सगळं पान आडवं हलतं.

सगळ्या चौकटी चौरस करून ऑब्जेक्ट-फिट कव्हर (चित्र कापून चौकट भरणं) लावणं सोपं होतं. पण मग कुणाचा उकार कापला जातो, कुणाची वेलांटी. अक्षराच्या बाबतीत मला हे चालत नाही. कंटेन (पूर्ण चित्र चौकटीत बसवणं) वापरून भोवती कागदाच्या रंगाची मोकळी जागा ठेवली आहे, फ्रेममधल्या माउंटसारखी. मॅसनरीसारखी (विटांसारखी कमी-जास्त उंचीची) रचना सीएसएस कॉलमने जमते, पण क्रम वरून खाली जातो. माझ्या मालिका डावीकडून उजवीकडे वाचायच्या आहेत, म्हणून ती घेतली नाही.

आता मजकुराचा फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला आहे. शीर्षकाचा आकार क्लॅम्पने ठरवला: कमीत कमी 1.75 रेम, जास्तीत जास्त 3.25 रेम, आणि मध्ये 1.2 रेम अधिक 2.5 व्हीडब्ल्यू (1 व्हीडब्ल्यू म्हणजे स्क्रीनच्या रुंदीचा शंभरावा भाग). मधल्या आकड्यात रेम हवाच, कारण नुसत्या व्हीडब्ल्यूत लिहिलेलं अक्षर झूम केलं तरी वाढत नाही. ओळींच्या अंतरासाठी इंग्रजी शीर्षकांचं 1.1 देवनागरीला अजिबात पुरत नाही. मी ‘मूर्तींच्या’ हा शब्द सलग दोन ओळींत ठेवून पाहते: वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली दीर्घ उकार. 1.4 ला तो मोकळा श्वास घेतो. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवणंही विसरू नका; ज्या फॉन्टमध्ये सोय असते, तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

प्रतिमा 480, 800, 1200 आणि 1600 अशा रुंदींत सोर्ससेटमध्ये (ब्राउझरने निवडायच्या यादीत) दिल्या आहेत. 328 पिक्सेलची जागा आणि तिप्पट घनतेचा फोन असेल तर 984 पिक्सेल लागतात, म्हणून ब्राउझर साधारणपणे 1200 ची उचलतो. काळ्या शाईच्या कडांभोवती जेपेगचे ठिपके फार उठून दिसतात; दोनरंगी कामं मी लॉसलेस (तपशील न गमावणाऱ्या) वेबपीत ठेवते आणि कागदाचा पोत असलेली एव्हिफ या प्रतिमा-प्रकारात. प्रत्येक प्रतिमेला रुंदी-उंची लिहिलेली असल्याने लोड होताना मजकूर उड्या मारत नाही.

मेन्यूत तीनच दुवे आहेत. ते 320 मध्येही मावतात, म्हणून तीन रेघांचं बटण ठेवलेलंच नाही.

कामाच्या माहितीची चौकट कंटेनर क्वेरीवर (स्क्रीनऐवजी चौकटीची रुंदी पाहणाऱ्या नियमावर) टाकली आहे: चौकट 30 रेमहून रुंद झाली की कागद, शाई, बोरूची रुंदी ही माहिती चित्राच्या शेजारी येते, एरवी खाली. फायरफॉक्समध्ये ही सोय फेब्रुवारी 2023 मध्ये आली, त्यामुळे आता ती बिनधास्त वापरता येते.

राहिली आहेत ती उभी कामं. फोन आडवा धरला की उंची साडेतीनशे पिक्सेलच्या आसपास उरते आणि उभं काम दोन-तीनदा सरकवावं लागतं. सध्या कमाल उंची 85 एसव्हीएच (ब्राउझरच्या पट्ट्या दिसत असताना उरणाऱ्या उंचीचे 85 टक्के) लावून पाहते आहे. पूर्ण काम एका नजरेत येतं, पण बारीक अक्षरं लहान होतात. त्यासाठी टिचकी मारली की मूळ आकार उघडेल अशी सोय करायला घेतली आहे. उभ्या मांडणीवर तुमच्यापैकी कुणी काम केलं असेल, तर किती उंची ठेवलीत ते जरूर कळवा.